पोरांच्या हातात शिजियाझुआंग

नमस्कार मंडळी. सोलापुरात भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आपल्या पोरांनी बघितलेलं असतं, पण ते कुठं गेले होते विचारलं की 'चीनला' एवढंच उत्तर येतं, आणि चीन म्हणजे काय, तर गाडीवरचं मंचुरियन! ते बिचारं तर आपल्याच देशात जन्मलंय.

तर आज शिजियाझुआंगबद्दल बोलू. उत्तर चीनमधल्या हेबै प्रांताची ही राजधानी. कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातनं चीनला गेले, तेव्हा तिकडं जपानशी युद्ध चालू होतं, आणि १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी तिकडंच वारले, त्यांची समाधी याच शहरात आहे. मुळात हे एक खेडं, रेल्वे आली म्हणून वाढलं, पुढं कापडगिरण्या निघाल्या, आता सोलापूरकराला यात अजून काय समजावून सांगायचं?

पण पोरांना हे नुसतं सांगून काही होत नाही बरं का. राजधानी, झेंडा, चलन पाठ करून घेतात आणि परीक्षा झाली की साफ! त्यापेक्षा स्वयंपाकघरात न्या. हेबै म्हणजे गव्हाचा मुलूख, तिकडं नवीन वर्षाच्या आदल्या रात्री सगळं घर बसून जिआओझी करतं. मैद्याची पातळ पारी, आत बारीक चिरलेला कोबी, आलं, कांद्याची पात, आणि कडा दाबून बंद, म्हणजे आपली करंजीच, फक्त तळायची नाही, उकळत्या पाण्यात सोडायची. कोबीला आधी मीठ लावून पिळून घ्या, नाहीतर पारी भिजून फुटते. खायची लसूण घातलेल्या व्हिनेगरबरोबर. पोरं शेंगाचटणी भरू म्हणतीलच, भरू द्या की, पण पहिला घाणा तिकडच्यासारखाच, नाहीतर शिकले काय?

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे पूल. शहरापासनं चाळीसेक किलोमीटरवर झाओझोऊचा दगडी पूल आहे, साधारण ५९५ ते ६०५ या काळात ली चुन नावाच्या कारागिरानं बांधलेला, एकच बसकी कमान, ३७ मीटरची, आणि अजून उभा! आता हा घरी करायचा. चिकणमातीचे पाचरीसारखे, वर रुंद खाली निमुळते असे ठोकळे करून चांगले वाळवायचे, मग एक गोल डबा आडवा ठेवून त्याच्यावर ओळीनं रचायचे, दोन्ही टोकांना वीट टेकवायची आणि डबा हळूच बाजूनं ओढून काढायचा. कमान राहिली तर पोरं जे ओरडतात ना! आणि मग मुद्दाम एका बाजूची वीट काढायला सांगा, धाडकन सगळं खाली, म्हणजे कमानीचा रेटा बाजूला जातो हे न सांगता कळतं. खऱ्या पुलाच्या खांद्यांवर दोन्हीकडं दोन-दोन छोट्या कमानी आहेत, वजन कमी व्हावं आणि पुराचं पाणी निघून जावं म्हणून. त्या घरी जमत नाहीत, चित्रात दाखवा.

कागदकाम तर सोप्पं. नवीन वर्षाला तिकडं खिडक्यांवर लाल कागदाची कात्रणं चिकटवतात, २००९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत ही कला गेली. पतंगाचा लाल कागद घ्या, चार घड्या, कापा. एक मात्र, कापलेली नक्षी एकमेकांना जोडलेली राहिली पाहिजे, एक टोक तुटलं की निम्मं फूल हातात येतं, म्हणून आधी पेन्सिलनं काढू द्या.

आणि तेवढं डोळ्यांना तिरक्या रेघा ओढून आणि टोकदार टोप्या घालून 'चिनी' बनवायचं काम करू नका हो, त्यात कोणाचंच काही शिकणं होत नाही, फोटो तेवढे निघतात. त्याऐवजी हे सगळं झाल्यावर पोरांना परत स्मारकात न्या, आता ती काय काय विचारतात ते बघा, आणि उत्तर येत नसेल तर शोधायला त्यांनाच लावा.