एकाच मापाचे दोन ड्रम

(दृश्य: सातारा. मागे अजिंक्यतारा, पुढे शाळेचं ओलसर मैदान. बँडची मुलं खांद्यात पट्टे अडकवतायत.)

ऑगस्ट लागला की साताऱ्यात शाळाशाळांतून साइड ड्रम वाजायला लागतात. वर्षभर जिन्याखाली पडलेले ड्रम बाहेर निघतात, धूळ झटकली जाते आणि 15 ऑगस्टची तालीम सुरू होते. हा फौजींचा जिल्हा. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 साली इथेच सुरू झाली. अपशिंगेसारख्या गावाला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. त्यामुळे संचलनात पाऊल चुकलं, की कट्ट्यावर बसलेल्या आजोबांनाही ते लगेच कळतं.

(दृश्य: बाकावर दोन ड्रम, शेजारी शेजारी.)

दोन्ही ड्रम 14 इंची. डावीकडचा देशी आहे. क्रोमचा मुलामा दिलेला पत्रा, वर प्लास्टिकचं पान, म्हणजे काडी पडते तो पडदा. उजवीकडचा पर्ल या जपानी कंपनीचा, एका संस्थेकडून आजच्यापुरता मागून आणलेला. एकाच मुलाने, त्याच काड्यांनी, तोच रोल, म्हणजे ठोक्यांची सलग लड, दोन्हींवर वाजवला. ऐका.

(आवाज: आधी देशी, मग जपानी.)

पहिल्यात खरखर आहे आणि काडी पडल्यावर मागे बराच वेळ 'ढंss' रेंगाळतो. दुसरा कोरडा, प्रत्येक ठोका सुटा. मुलांनी निकाल देऊन टाकला, "सर, ब्रँड तो ब्रँडच!" मास्तर काही बोलले नाहीत. फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेला माणूस, त्यांनी खिशातून बोल्ट आवळायची चावी काढली.

(दृश्य: चावी आणि बोल्ट, अगदी जवळून.)

मास्तरांनी आधी ड्रम घोंगडीवर ठेवला, म्हणजे खालचं पान गप्प राहतं. मग प्रत्येक बोल्टसमोर, कडेपासून इंचभर आत, काडीच्या टोकाने हलकेच टकटक. एका बोल्टपाशी आवाज उंच, शेजारच्यापाशी पडलेला. एकाच पानावर दोन-तीन स्वर निघत होते. असे स्वर एकमेकांत भांडतात आणि आपल्याला ऐकू येतो तो गुंगाट.

"अरे, शेजारचा नको. समोरचा बोल्ट घे. आणि अर्धाच फेरा दे."

समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळले, तरच पान दाबून धरणारं कडं सगळीकडून सारखं खाली बसतं. एकाच बाजूने आवळत गेलं तर ते तिरकं होतं आणि पुढे कितीही चावी फिरवा, पान एका स्वरात येत नाही. ताणाचा हिशेब कडक आहे. स्वर एक सप्तक वर न्यायचा तर ताण चौपट लागतो. शेवटच्या फेऱ्यांना चावी जड का जाते, ते यावरून कळेल.

मग ड्रम उलटा केला. खालचं पान वरच्यापेक्षा पातळ असतं. त्याला चिकटून तारा जातात आणि ड्रमचा 'चर्र' तिथून येतो. तारा ढिल्या असतील तर ठोका संपल्यावरही कुरकुरत राहतात. फार आवळल्या तर पानाला हलायला जागाच उरत नाही आणि आवाज घुसमटतो. मास्तर एका हाताने वर हलके ठोके मारत होते, दुसऱ्या हाताने बाजूचा स्क्रू कणाकणाने फिरवत होते. कुरकुर थांबली तिथे हात थांबला.

(आवाज: देशी ड्रम, पुन्हा.)

हा तोच ड्रम. ढंss गेला. आता ठोके मोजता येतात.

एवढी खटपट कशासाठी? 'तेज चल' म्हणजे मिनिटाला साधारण 120 पावलं. एका पावलाला अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात ड्रमवाला चार ठोके वाजवतो तेव्हा दोन ठोक्यांमध्ये सेकंदाचा आठवा भाग उरतो. आवाज त्याहून जास्त रेंगाळला, की ठोके एकमेकांवर चढतात. त्यात आवाजाला 34 मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, म्हणजे लांबलचक रांगेत शेवटच्या मुलाला ताल आधीच उशिरा मिळतो. तो निदान स्वच्छ तरी मिळायला हवा.

हलगी वाजवणाऱ्याला यातलं काही सांगावं लागत नाही. पावसाळी हवेत कातडं दमट होऊन सैलावतं, म्हणून तो वाजवण्याआधी हलगी जाळावर धरतो. ड्रमनाही पूर्वी कातडंच असायचं. 15 ऑगस्टला बसलेला आवाज, 26 जानेवारीला खणखणीत. 1957च्या सुमारास अमेरिकेत रेमो आणि इव्हान्स या कंपन्यांनी पॉलिएस्टरची पानं बाजारात आणली आणि पावसाचा हा जाच संपला. ताशावरही आता फायबर असतं, आणि त्याची तर्री भर पावसात तडतडते.

(दृश्य: जपानी ड्रम, जवळून. पानाची वीण.)

मग ब्रँडला काहीच अर्थ नाही? आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी आहे. या पर्लच्या ड्रमवर केवलारचं पान आहे. 1965 साली ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेला हा धागा पुढे बुलेटप्रूफ जाकिटांत गेला. तो जवळजवळ ताणत नाही, म्हणून पान प्रचंड आवळता येतं आणि काडी त्यावरून उसळून परत येते. पण तो ताण पेलणार कोण? साध्या ड्रमच्या अंगावरच बोल्टची घरं बसवलेली असतात, सगळा भार त्या पत्र्यावर किंवा लाकडावर. पर्लच्या या ड्रमला 'फ्री फ्लोटिंग' म्हणतात. त्यात बोल्ट खालच्या धातूच्या चौकटीला ओढतात, शेल, म्हणजे ड्रमचं अंग, मध्ये नुसतं बसलेलं असतं. यामाहाचे मार्चिंग ड्रमही असेच जबर ताणासाठी बांधलेले असतात. बॅगपाइपसोबत वाजवणाऱ्या पाइप बँडवाल्यांचं आणखी वेगळं. त्यांच्या ड्रममध्ये वरच्या पानाखालीही तारा असतात, म्हणून तो आवाज जास्तच चरचरीत.

म्हणजे महाग ड्रममध्ये पैसे जातात ते ताण सोसण्याचे आणि तो टिकवण्याचे. देशी ड्रम मास्तरांनी सकाळी लावला, दुपारपर्यंत दोन बोल्ट सैल. जपानी तसाच होता. हा फरक खरा आहे आणि रोज तालीम करणाऱ्या बँडला तो परवडत असेल तर जरूर घ्यावा. पण देशी ड्रमवर केवलारचं पान चढवून 'फॉरेन आवाज' काढायला जाऊ नका. पान शाबूत राहील, बोल्टची घरं उपटून येतील.

वर्षाला दोन संचलनं करणाऱ्या शाळेने माझ्या मते नवे ड्रम घेण्याआधी नवी पानं घ्यावीत. सहा ड्रम सहा स्वरांत असतील तर त्यात एक पर्ल मिसळून काही साधत नाही, उलट तो एकटाच टोचतो. सहाही एका स्वरात आणायला एक शांत दुपार पुरते.

आणि ड्रम घेणारच असाल तर दुकानात रोल वाजवून भुलू नका. कडं सपाट काचेवर ठेवून डगमगतं का बघा. प्रत्येक बोल्ट हाताने फिरवा, मध्येच अडला तर आटे खराब आहेत. तारा पानाला लावणारा-सोडणारा खटका दहा वेळा उघडझाप करा. चाव्या मात्र दोन मागून घ्या, एक पहिल्याच तालमीत हरवते.