अलाइनमेंटच्या मशीनवर जाण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. शॉकॲब्सॉर्बर, चाकाला खालून धरणारा लोअर आर्म किंवा चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक, म्हणजे टाय रॉड एंड, घरीच बदलला आणि आता गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग वाकडं राहतं. अशा वेळी थेट अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याच्या, मशीनवर जाऊ नका. एखादा भाग ढिला किंवा पिळलेला राहिला असेल, तर मशीनवर जुळवलेले आकडे टिकत नाहीत.

पहिला संशय लोअर आर्मच्या सांध्यातल्या रबरावर, म्हणजे बुशवर घ्या. चाकं अधांतरी असताना त्याचा बोल्ट आवळला, की गाडी खाली टेकताच रबर पिळलं जातं. गाडीच्या उंचीत फरक पडतो, बुशही लवकर फाटतो. बोल्ट सैल करा, चाकं भक्कम रॅम्पवर चढवा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडसर म्हणून उटी लावा. गाडी दोन-चारदा दाबून सोडा आणि मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कनं, म्हणजे तिथे दिलेल्या आवळण्याच्या जोरानं, आवळा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका.

मग स्ट्रट, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरचा खांब, आणि नकल, म्हणजे चाकाचा हब धरणारा भाग, यांना जोडणारे बोल्ट बघा. काही गाड्यांत तिथलं भोक लांबट असतं. जरासं सरकलं तरी चाक आत-बाहेर कलतं. हाच कॅम्बर. तो आधी, टो, म्हणजे चाकं समोरून एकमेकांकडे किंवा बाहेर वळलेली असणं, नंतर, कारण कॅम्बर हलला की टोही हलतो.

टो घरी ढोबळ मोजता येतो. टायरमध्ये हवा भरा. भुसावळच्या उन्हाळ्यात ती सकाळी, टायर थंड असतानाच मोजावी. सपाट जागी स्टेअरिंग सरळ ठेवा. पुढच्या दोन्ही टायरवर मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूची खूण करून अंतर घ्या. गाडी पुढे ढकलून त्याच खुणा समोर आणा, पुन्हा मोजा. समोरचं अंतर कमी म्हणजे टो-इन, जास्त म्हणजे टो-आउट. दुरुस्तीसाठी लॉकनट सोडून दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवा. एकच फिरवला तर स्टेअरिंग वाकडं राहतं.

एवढं झालं, की मशीनवर जाऊन शेवटची जुळणी करून घ्या. ज्या गाडीत स्टेअरिंग अँगल सेन्सर आहे, तिथे त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सर पुन्हा जुळवणंही, सांगा.

तरीही ओढत असेल आणि टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल, तर पुढच्या दोन चाकांची अदलाबदल करा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचा आहे.