मंगळवारची बीट

(दृश्य: मंडई मेट्रो स्थानक. सरकता जिना. सकाळी सव्वानऊ.)

जिन्यावरून वर येणारी ही मुलगी तेवीस वर्षांची आहे. एमबीए झाली आणि एका मोठ्या कंपनीत लागली. गळ्यातल्या कार्डावर छापलंय, 'मॅनेजमेंट ट्रेनी'. आज तिला शुक्रवार पेठेतल्या चाळीस दुकानांत जाऊन साबण, शाम्पू आणि टूथपेस्ट विकायची आहे.

कंपनीचं नाव आपण घेणार नाही. माणसांचीही नाही.

मंडईची ही दगडी इमारत १८८६ सालची. मेट्रो तिच्या शेजारी पोचली २९ सप्टेंबर २०२४ ला. चहाच्या टपरीपाशी उभा असलेला हा माणूस मात्र गेली बावीस वर्षं दर मंगळवारी इथंच भेटतो. खांद्याला रेक्झिनची बॅग, शर्टाच्या खिशात छोटी वही. दुकानदार त्यांना 'साबणवाले' म्हणतात. ती त्यांना काका म्हणते. ते तिला मॅडम म्हणतात.

पुण्यातल्या काही पेठांना वारांची नावं आहेत, तसा सेल्समनच्या बीटलाही, म्हणजे ठरलेल्या दुकानांच्या फेरीलाही, वार असतो. शुक्रवार पेठेत काका मंगळवारी येतात, म्हणून ही मंगळवारची बीट. वार चुकवायचा नाही. मंगळवारी साबणवाले येणार हे धरूनच दुकानदारानं गल्ल्यात पैसे बाजूला ठेवलेले असतात.

(दृश्य: पहिलं दुकान. काकांचे हात.)

काका आत शिरल्या शिरल्या ऑर्डर मागत नाहीत. आधी ते फळीपाशी जातात. जुना माल पुढे ओढतात, नवा मागे सारतात. एका डब्याची तारीख वाचून तो वेगळा काढतात. बॅगेतलं फडकं घेऊन बाटल्यांवरची धूळ पुसतात. पुड्यांची एक माळ संपत आलीय, ती बोटानं मोजतात. शेठ गिऱ्हाइकात गुंतलेत, त्यांना मध्ये टोकत नाहीत. दोन मिनिटांनी शेठच विचारतात, "काय आणलंय आज?"

मग काका स्कीम सांगतात. एकच.

मॅडमच्या फोनमध्ये आज नऊ स्कीम आहेत. पहिल्या आठवड्यात तिनं सगळ्या वाचून दाखवल्या होत्या. शेठ म्हणाले, "पुढच्या मंगळवारी बघू." हेच वाक्य त्या दिवशी तिला अकरा दुकानांत ऐकावं लागलं. संध्याकाळी काका एवढंच बोलले, "मॅडम, फळीवर काय संपलंय आणि गल्ल्यात किती आहेत, तेवढं बघायचं. स्कीम त्यातनंच सुचते."

इथला व्यवहार बिल टू बिल. मागच्या मंगळवारी दिलेल्या मालाचे पैसे आज, आजच्या मालाचे पुढच्या मंगळवारी. माल वितरकाचा, उधारीची जोखीमही वितरकाची. कंपनीनं वितरकाला माल दिला की ती प्रायमरी विक्री, वितरकाकडून दुकानात गेला की सेकंडरी. दुकानातून माल हलला नाही तर गोडाऊन तुंबतं आणि पुढच्या महिन्याची प्रायमरी अडते. वर्गात तिला हे एका स्लाइडवर शिकवलं होतं. तिला ते खरं कळलं ते इथं.

(दृश्य: भवानी पेठेतलं गोडाऊन. छतापर्यंत रचलेले बॉक्स.)

दुपारी एकला पेठेतली बरीच शटर खाली येतात, ती चारनंतर उघडतात. तेवढ्या वेळात दोघं गोडाऊनला येतात. आज तीस तारीख. महिन्याचं क्लोजिंग. टार्गेट गाठायला वितरकानं अजून माल घ्यायला हवा आणि ठेवायला जागा नाही. वितरक बॉक्सच्या रांगांकडे बघतायत. ती त्यांच्याकडे बघतेय. या प्रसंगात आम्ही आवाज मुद्दाम कापलेला नाही.

होतकरू मॅनेजरला आधी बाजारात पाठवायचं, ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. हिंदुस्थान लिव्हर तर सत्तरच्या दशकात आपल्या प्रशिक्षणार्थींना उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यातल्या खेड्यांत राहायला पाठवू लागली होती. पद्धत चांगलीच आहे. ज्यानं फळी पुसली नाही, त्यानं फळीवर काय ठेवायचं हे ठरवू नये, असं आम्हालाही वाटतं. पण शिकवतो कोण, हे आम्ही पाहिलेल्या एकाही प्रशिक्षण-पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

(दृश्य: पुन्हा पेठ. चार वाजून दहा मिनिटं.)

वाड्याच्या दिंडीदरवाजाला लागून हे दुकान आहे. एक आजी चालवतात. दुकानाच्या हद्दीत असल्याशिवाय फोनमधलं ॲप ऑर्डर घेत नाही, आणि जुन्या वाड्यांच्या भिंतींआड लोकेशन भलतीकडेच दाखवतं. मॅडम फोन उंच धरून रस्त्यावर येते, परत आत जाते. तोवर काकांनी वहीत लिहून घेतलंय.

ही वही जरा जवळून दाखवतो. दुकानामागे एक पान. कोण सकाळी पैसे देत नाही, कारण बोहनी झालेली नसते. कोणाच्या घरी लग्न आहे. कोणाला बॉक्स फोडून अर्धाच माल लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या किमतीचा माल कोणाकडे किती शिल्लक होता, तेही नगानगानं इथं लिहिलंय. गिऱ्हाईक नवा भाव मागत होतं आणि दुकानदारानं माल जुन्या भावानं भरलेला होता. त्या आठवड्यात काका बीटवर माल विकायला नाही, शिल्लक मोजायला फिरले. मॅडमनं फरकाचे क्लेम भरले ते याच पानांवरून. आजींचे पैसेही त्यातच आले.

"तुमची ही पोरगी बोलते बरी," आजी म्हणतात. काका मान डोलावतात आणि फळीकडे वळतात.

काकांनी आजवर चौदा ट्रेनींना ही बीट फिरवली. त्यातले काही आज एरिया मॅनेजर आहेत, एक त्याच्याही वर. काकांचा पगार वितरक देतो, टार्गेट कंपनी ठरवते. कंपनीच्या हजेरीपटावर त्यांचं नाव नाही, त्यामुळे बढतीच्या यादीतही येत नाही. बारावी झालेत. शिकवण्याचा वेगळा भत्ता नाही.

(दृश्य: संध्याकाळ. टपरी. वसुलीच्या नोटा.)

चाळीसपैकी सत्तावीस दुकानांत ऑर्डर निघाली. काका नोटा लावतायत, शंभराच्या वेगळ्या, पन्नासच्या वेगळ्या. ती आकडे सांगतेय. तीन ठिकाणी तिचं चुकतं, तिन्ही वेळा ते तोंडीच दुरुस्त करतात.

मार्चअखेर तिचं प्रशिक्षण पूर्ण झालं. नाशिकला सेल्स ऑफिसर म्हणून नेमणूक झाली. काकांची बीट तीच आहे.

मार्चअखेरचा हा तिचा इथला शेवटचा मंगळवार. चहा झालाय. तिनं विचारलं, "काका, वहीचे फोटो काढू?"

(दृश्य: टपरीच्या फळीवर उघडी वही. काका एकेक पान उलटतायत, वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपरा अंगठ्यानं दाबून धरतायत. ती फोटो काढतेय. निवेदन नाही.)