रतामाच्या झुडपाखाली

श्रोतेहो, नमस्कार.

मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत वाढलेल्या माणसाच्या मनात एक गोंधळ लहानपणापासून घर करून असतो, आणि तो केवळ शब्दांमुळे झालेला असतो. इस्राएल लोक चाळीस वर्षे भटकले ते रानात. बाप्तिस्मा करणारा योहान टोळ आणि रानमध खाऊन राहिला तो अरण्यात. मी पुण्यात वाढलो आणि रान म्हटले की मला भीमाशंकरची झाडी दिसत असे, त्यामुळे माझ्या कल्पनेतला योहान कितीतरी वर्षे कारवीतून वाट काढत, शेकरूंच्या संगतीत उपदेश करत होता.

2019 सालच्या फेब्रुवारीत आई, पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि मी असे चौघे इस्राएलच्या दक्षिणेकडील नेगेव वाळवंटात गेलो, तेव्हा ते रान प्रत्यक्ष पाहिले. पुन्हा सांगतो, श्रोतेहो, शास्त्रातले रान म्हणजे झाडी नव्हे. आणि पुष्कळांना वाटते तशी ती वाळूही नव्हे. चुनखडीच्या बोडक्या टेकड्या, वाऱ्याने आणून टाकलेली पिवळसर माती, कोरडे ओढे आणि नजर पोहोचेल तिथवर दगड, असा हा नेगेव देशाच्या निम्म्याहून अधिक भूभाग व्यापतो.

आई मात्र जराही चकित झाली नाही. तिचे माहेर पारनेर तालुक्यातले आहे, आणि तिच्या बोलीत शेताला, माळाला, मेंढरे चारायच्या पडीक जमिनीला, सगळ्यालाच रान म्हणतात. "रान म्हणजे हेच की! धनगर मेंढरं घेऊन जातात ते," असे ती गाडीच्या काचेतून पाहत म्हणाली. हिब्रू भाषेतला 'मिदबार' हा शब्दही मेंढरे हाकत नेण्याशी जोडलेला आहे असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे भाषांतर करणाऱ्यांचे काही चुकले नव्हते; चुकले होते ते माझे, शहरात वाढल्यामुळे.

पहिला मुक्काम बैर-शेबा. वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या शहराबाहेर प्राचीन नगराचे टेकाड उकरून काढले आहे, आणि 2005 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. वेशीपाशी 69 मीटर खोल विहीर आहे. ती इस्राएल लोकांचा मूळपुरुष अब्राहाम याचीच का, यावर पुरातत्त्वज्ञांचे एकमत नाही. परंतु अबीमलेख राजाच्या चाकरांनी विहीर बळकावली, अब्राहामाने तक्रार केली आणि विहीर आपणच खणली याची साक्ष म्हणून सात कोकरी दिली, ही उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायातली कथा याच गावाच्या नावाशी बांधलेली आहे. हिब्रूत 'शेवा' म्हणजे सात, आणि शपथेचा शब्दही त्याच्याच जवळचा. आईने विहिरीत वाकून पाहिले आणि तिच्या भावकीतला विहिरीचा दावा सात कोकरांवर मिटला असता तर वकिलाचे पैसे वाचले असते, असा अभिप्राय दिला.

एन-गेदीच्या झऱ्यापाशी आम्ही रानबोकड पाहिले. तिथल्याच रानातल्या एका गुहेत दावीदाने त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजाच्या झग्याचा काठ कापला होता. समुद्रसपाटीच्या चारशे तीस मीटर खाली असलेल्या आणि दरवर्षी सुमारे एक मीटरने उतरत चाललेल्या मृत समुद्रावर आम्ही तरंगलोही. त्याविषयी अधिक बोलत नाही, कारण तरंगतानाची छायाचित्रे प्रत्येकाच्या नात्यातल्या कुणीतरी दाखवलेलीच असतात. जाता जाता एवढे मात्र म्हणतो, की एका दिवसात सात पवित्र स्थळे उरकणाऱ्या सहली बंद झाल्या पाहिजेत. पन्नास माणसे बसमधून उतरतात, टोप्या मोजतात, पुन्हा बसमध्ये चढतात आणि याला यात्रा म्हणतात.

आता मला जे सांगायचे आहे त्याकडे येतो.

राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलिया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने पळून बैर-शेब्याला येतो, चाकराला तिथे ठेवतो आणि एकटाच रानात एक दिवसाची मजल चालून रतामाच्या झुडपाखाली बसतो. तिथे तो मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत त्याला जागे करतो, तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी असते. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगर गाठतो. शास्त्रात भाकर हाच शब्द आहे, श्रोतेहो, भाकर; आणि आईच्या लेखी तो शब्दशः खरा आहे.

बैर-शेब्याहून दिमोना पस्तीस किलोमीटरवर आहे, म्हणजे पायी एक दिवसाची मजल होते, हा हिशेब आईने पुण्यातच करून ठेवला होता. ग्रंथात दिशा सांगितलेली नाही, हे मी निदर्शनास आणून दिले, पण तिने ते ऐकले नाही. दिमोनाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला पांढऱ्या बारीक फुलांनी भरलेले एक झुडूप दिसताच तिने गाडी थांबवायला लावली. तो रतामच होता. त्याला पाने जवळजवळ नसतात, नुसत्या हिरव्या काड्या असतात, त्यामुळे सावली चाळणीतून पडल्यासारखी पडते. तेवढ्या सावलीत आई चपला काढून बसली, पिशवीतून नगरी बाजरीच्या कडक वाळवलेल्या भाकरी काढल्या आणि म्हणाली, "अगं, चटणीची पुडी कुठं ठेवलीस?"

आमच्यामागे एक जुनी गाडी येऊन थांबली होती, हे तोवर आमच्या लक्षात आले नव्हते. गाडी बिघडली असावी असे वाटून मदतीला उतरलेले एक वृद्ध गृहस्थ दोन पावलांवर थबकले होते. "काय हो, तुम्ही मराठी?" असे त्यांनी विचारले, आणि आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातले, मूळचे रेवदंड्याकडचे होते. 1955 मध्ये वसवलेल्या दिमोनात कोकणातून आलेली अशी पुष्कळ कुटुंबे आहेत, आणि त्यांच्यापैकी जुनी माणसे अजून घरात मराठी बोलतात. आईने भाकरी पुढे केली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. "लोणी-बिणी लावलंय का?" असे त्यांनी जरा संकोचून विचारले. "पीठ, पाणी आणि मीठ," असे आईने सांगितले. यहुद्यांचे खाण्याचे नियम कडक असतात; कर्मठ माणसाने तेवढ्यावरही ती घेतली नसती. यांनी क्षणभर विचार केला, बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, हिब्रूत आशीर्वचन पुटपुटले आणि तुकडा मोडून तोंडात टाकला. तो चावायला त्यांना बराच वेळ लागला.

आपण एलिया संदेष्ट्याच्या झाडाखाली बसलो आहोत, असे आईने त्यांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "एलियाहू हनाबी तर आमच्या कोकणात आले होते. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्यांच्या रथाची खूण आहे. आम्ही त्यांच्याच नावानं पोह्यांचा मलिदा करतो."

"ते शास्त्रात कुठं आहे?" आईने विचारले.

"शास्त्रात नसेल, खडकावर आहे."

यावर आईला उत्तर सुचले नाही, आणि माझ्या आठवणीत असे फारच थोड्या वेळा घडले आहे. तिने विषय भाकरीवर नेला. गृहस्थांचे मत असे पडले की बाजरी घशाला लागते आणि खरी भाकरी तांदळाचीच, पांढरी, मऊ, उकड काढून केलेली. आईचे म्हणणे असे, की तांदळाच्या भाकरीवर चाळीस दिवस चालून होरेब डोंगर गाठता येणार नाही, एलिया चौथ्या दिवशी बसेल. भर उन्हात, रतामाच्या त्या चाळणीएवढ्या सावलीत हा वाद अर्धा तास चालला. मुलीने मधेच एलियाने नेमकी कोणती खाल्ली असे विचारले, तेव्हा दोघांनी एकाच वेळी वेगवेगळी उत्तरे दिली.

निघताना त्यांनी पत्ता लिहून दिला, जेवायला येण्याचे वचन घेतले आणि उरलेली अर्धी भाकरी बायकोला दाखवायची म्हणून रुमालात बांधून नेली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दिमोनात त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ताटात तांदळाची भाकरी वाढलेली होती. आईने दोन खाल्ल्या, आणि गाडीत बसल्यावर "बरी होती" एवढेच म्हणाली.