एवढा मोठा समुद्र आहे, जाईल वाहून?

नमस्कार श्रोतेहो. समुद्रकाठच्या मोठ्या शहरांमध्ये सांडपाण्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, एवढा मोठा समुद्र आहे, जाईल वाहून. आज मला याबद्दलच बोलायचंय, कारण या समजुतीपायी सांडपाणी साफ करणाऱ्या ट्रीटमेंट प्लांटवरचा खर्च वर्षानुवर्षं पुढे ढकलला जातो.

आता बघा, सांडपाणी म्हणजे शेवटी गोडं पाणी, खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे किनाऱ्याजवळ सोडलं की ते वरवरच पसरतं आणि भरती आली की परत किनाऱ्याला लागतं. म्हणून तर पाईप पार आत खोल समुद्रात नेतात आणि टोकाला एक मोठं तोंड न ठेवता बरीच छोटी तोंडं ठेवतात, म्हणजे पाणी बाहेर पडतानाच समुद्रात मिसळतं. चांगली सोय आहे, पण पाईप कितीही लांब टाकला तरी घाण तेवढीच राहते हो, फक्त पातळ होऊन लांब जाते.

घाण खरी कमी होते प्लांटमध्ये. आधी जाळ्यांवर चिंध्या, प्लास्टिक अडकतं, मग वाळू बसते, मग मोठ्या टाक्यांमध्ये गाळ खाली बसतो. इथपर्यंत झालं प्रायमरी, म्हणजे पहिला टप्पा, पण पाण्यात विरघळलेली घाण अजून तशीच असते आणि ती खायला जिवाणूच लागतात. 1914 साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की जिवाणूंनी भरलेला गाळ फेकून न देता परत टाकीत घेतला आणि सतत हवा दिली तर पाणी झपाट्यानं साफ होतं, आणि आजही जगभरातले बहुतेक मोठे प्लांट याच तत्त्वावर चालतात. अशा टाकीच्या कठड्याशी उभं राहिलं तर खाली चॉकलेटी पाणी खदखदत असतं, वर फेस, आणि टाकी नीट चालू असेल तर वास येतो तो ओल्या मातीचा, नाक दाबावं लागत नाही. सडका वास यायला लागला की समजायचं, हवा कमी पडतेय.

हे जिवाणू म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव आहेत, त्यांना दिवसरात्र हवा लागते आणि प्लांटच्या विजेचा साधारण निम्मा खर्च एवढ्यावरच होतो. वीज बराच वेळ गेली की ते गुदमरतात, एखाद्या कारखान्यानं रात्री गुपचूप केमिकल सोडलं तर मरतात, आणि पुन्हा वाढायला कधीकधी आठवडे लागतात, तोवर पाणी अर्धवट साफ होऊनच समुद्रात जातं.

अमेरिकेतल्या बॉस्टनचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथे पूर्वी फक्त प्रायमरी व्हायचं आणि उरलेला गाळसुद्धा ओहोटीबरोबर बंदरात सोडून द्यायचे. प्रकरण कोर्टात गेलं, कोर्टानं वेळापत्रकच लावून दिलं. 1991 मध्ये गाळ सोडणं थांबलं, 1997 पासून तिथल्या डिअर आयलंडच्या प्लांटवर जिवाणूंचा टप्पा सुरू झाला, आणि साफ केलेलं पाणी लांब नेणारा समुद्राखालचा जवळपास 15 किलोमीटरचा बोगदा सुरू झाला तो थेट 2000 साली. म्हणजे आधी पाणी साफ केलं, मग लांब सोडलं, आणि आज त्या बंदरातल्या किनाऱ्यांवर लोक पोहतात!

आपल्या हातातलंही सांगते. तेल, तूप आणि वेट वाईप्स ड्रेनेजमध्ये टाकू नका. 2017 मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात याच गोष्टींचा 250 मीटर लांब आणि 130 टन वजनाचा गोळा सापडला होता, दगडासारखा घट्ट, माणसांनी आत उतरून तो फोडला.

आणि पावसाचं पाणी आणि मैला एकाच लाईनमधून जात असेल तर जोराच्या पावसात प्लांटला तेवढा लोंढा झेपत नाही, जास्तीचं पाणी तसंच समुद्रात सोडावं लागतं. तेव्हा तुमच्या शहरात नवीन पाईपची घोषणा झाली की पालिकेला आधी हे विचारा, प्लांटमध्ये जिवाणूंचा टप्पा आहे का, आणि मागच्या पावसाळ्यात किती वेळा पाणी ट्रीट न करताच सोडलं?