स्टेनिंग दिसलं नाही म्हणजे प्रोटीन नाही, असं लगेच धरू नका

स्टेनिंग म्हणजे चमकणारा डाय जोडलेली अँटीबॉडी पेशींना लावणं, आणि सायटोमीटर हे यंत्र एकेका पेशीची ती चमक मोजतं. मला आज मुख्य सांगायचंय ते हे, की अँटीबॉडी अख्खं प्रोटीन ओळखतच नाही. ती त्याच्यावरचा एक छोटा भाग ओळखते, त्याला आपण एपिटोप म्हणतो, आणि सायटोमीटरवर सिग्नल आला तर त्याचा अर्थ एवढाच की तो भाग त्या वेळी शाबूत होता, मोकळा होता आणि अँटीबॉडी तिथं बसली.

सीडी4 च घ्या, हेल्पर टी पेशी या रोगप्रतिकारक पेशींवरचं प्रोटीन. 1975 मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी हायब्रिडोमाची (अँटीबॉडी बनवणारी पेशी कॅन्सरच्या पेशीशी जोडायची) पद्धत मांडली, त्यामुळे एकाच वंशातली अगदी एकसारखी अँटीबॉडी हवी तेवढी बनवता यायला लागली, मग जो तो टी पेशींविरुद्ध आपली अँटीबॉडी बनवून तिला आपलं नाव देऊ लागला. तो गोंधळ आवरायला 1982 पासून, पॅरिसच्या वर्कशॉपनंतर, सीडी नंबर आले, म्हणजे एकच प्रोटीन ओळखणाऱ्या अँटीबॉडींना एकच नंबर. ओकेटी4 आणि ल्यू3ए हे दोन जुने क्लोन (अशा एकाच वंशातल्या अँटीबॉडी), दोन्ही सीडी4 चेच, पण बसतात वेगवेगळ्या जागी. एचआयव्हीच्या पृष्ठभागावरचं जीपी120 हे प्रोटीन सीडी4 च्या टोकाकडच्या भागाला धरतं, त्यामुळे ते आधीच चिकटलेलं असेल तर ल्यू3ए ला जागा मिळत नाही पण ओकेटी4 मात्र व्यवस्थित बसते. आता उलटं बघा. काही निरोगी माणसांच्या सीडी4 मध्ये जन्मतःच एका अमिनो ॲसिडचा फरक असतो, त्यांच्या पेशींवर ओकेटी4 बसत नाही आणि ल्यू3ए बसते. अशा माणसाचं रक्त फक्त ओकेटी4 लावून बघितलं तर सीडी4 पेशीच नाहीत असा रिपोर्ट निघेल, आणि तो साफ चुकीचा असेल! म्हणून पेपरमध्ये नुसतं 'अँटी-सीडी4' लिहिलेलं मला अजिबात पटत नाही, क्लोनचं नाव पाहिजेच.

औषधांमुळेही हेच होतं. पेशंटला रिटुक्सिमॅब (हे औषधच एक अँटीबॉडी आहे) दिलेलं असेल तर ते स्वतःच बी पेशींवरच्या सीडी20 वर जाऊन बसतं, तुमच्या अँटीबॉडीला तिथं शिरता येत नाही, आणि बी पेशी उरल्या असल्या तरी सीडी20 निगेटिव्ह दिसतात, म्हणून तिथं बी पेशींवरचंच दुसरं प्रोटीन, सीडी19, बघतात.

मग आपण हाताने करतो ते नुकसान. टिश्यू सुटं करायला ट्रिप्सिन हे प्रोटीन कापणारं एन्झाइम वापरलं की ते बाहेर डोकावणारी प्रोटीनं पण कापतं, फिक्स केल्यावर (पेशी रसायनाने आहेत तशा टिकवल्यावर) काही एपिटोप बिघडतात म्हणून शक्यतो आधी स्टेन करा मग फिक्स, आणि सीडी62एल हे पेशीवरचं प्रोटीन तर पेशी ॲक्टिव्हेट झाली की स्वतःच गळून पडतं. स्टेनिंग बर्फावर करायला सांगतात ते उगाच नाही, गरम ठेवलं तर अँटीबॉडी बसल्यावर पेशी ते प्रोटीनच आत ओढून घेऊ शकते.

याच्या उलट, जिथं काही नाही तिथं सिग्नल. मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशीवर एफसी रिसेप्टर असतात, ते अँटीबॉडीची शेपटी पकडतात, एपिटोपशी काही संबंध नसतो, म्हणून आधी ते रिसेप्टर झाकणारा एफसी ब्लॉक घाला. मेलेल्या पेशींना तर काहीही चिकटतं, त्यामुळे व्हायबिलिटी डाय (मेलेल्या पेशी ओळखणारा रंग) नसलेल्या डेटावर माझा विश्वास बसत नाही. पण इथंही घाई नको, कारण मानवी मोनोसाइटवर थोडं सीडी4 खरोखर असतं, ते सगळं बॅकग्राउंड म्हणून उडवून देऊ नका, त्याच ट्यूबमध्ये सीडी3 (टी पेशींची खूण) आणि सीडी14 (मोनोसाइटची खूण) घाला म्हणजे कोण कोण आहे ते कळेल.

किती अँटीबॉडी घालायची हे डेटाशीटवरून ठरवू नका, तो आकडा फक्त सुरुवातीला धरायचा. आपल्याच पेशींवर निम्मं निम्मं करत डायल्यूशन लावा आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सगळ्यात स्वच्छ वेगळे दिसतात ते प्रमाण घ्या, जास्त घातलं की बॅकग्राउंड वाढतं. प्रोटीन कमी असेल तर त्याला पीई सारखा चमकदार डाय द्या, आणि अनेक रंग असतील तर गेट, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सीमा, कुठं टाकायचा ते एफएमओ कंट्रोलवरून ठरवा, म्हणजे सगळे रंग घालायचे आणि तेवढा एक सोडायचा. नुसत्या आयसोटाइप कंट्रोलवर (त्याच प्रकारची पण ते प्रोटीन न ओळखणारी अँटीबॉडी) गेट टाकणं मला धोक्याचं वाटतं, कारण बाकीच्या रंगांचा किती सिग्नल त्या चॅनलमध्ये सांडतोय ते त्यातून कळत नाही.

एवढं करूनही निगेटिव्हच आलं तर आधी ज्या पेशींवर ते प्रोटीन नक्की असतं त्यांच्यावर तीच अँटीबॉडी, त्याच दिवशी, त्याच बफरमध्ये लावून बघा. तिथं चाललं तर वेगळा एपिटोप ओळखणारा दुसरा क्लोन आपल्या सॅम्पलवर लावा, आणि तोही निगेटिव्ह आला तरच 'या पेशींवर हे प्रोटीन दिसलं नाही' असं लिहा, दोन्ही क्लोनची नावं देऊन.