इंजिनकामानंतर गाडी मिसिंग का मारते?

नमस्कार. हेडचे गॅस्केट बदलले, टायमिंग बेल्ट नवा टाकला आणि गाडी सुरू करताच मिसिंग मारू लागली (म्हणजे सिलिंडरमधले पेट्रोल नीट पेटेना), असे तुमच्यापैकी इतक्या जणांनी लिहिले आहे की आज फक्त त्यावरच बोलतो.

गाडीचा संगणक नोंदवतो तो दोषाचा कोड वाचणे तुम्हाला येते. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा आणि पी ०३०० म्हणजे कोणताही एक ठरावीक नाही. कोड एकाच सिलिंडरचा असेल, तर त्याची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) शेजारच्या सिलिंडरवर लावावी. मिसिंग कॉइलबरोबर सरकले तर दोष कॉइलचा आहे. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी चालवू नये, कारण न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तापवून निकामी करते.

‘चारही प्लग आणि कॉइल नव्या टाकल्या, तरी फरक नाही’ हे वाक्य वाचले की मला राग येतो. कामाआधी नीट चालणारे चारही प्लग हेड बसवताना एकदम कसे बिघडतील? जिथे हात लागला तिथेच आधी पाहावे. कॉइलचे कनेक्टर अदलाबदल झालेले असतात, हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट दुमडलेले असते, व्हॅक्यूमची नळी निसटलेली असते. आणि बेल्ट उतरवला असेल तर टायमिंग, म्हणजे बेल्टने जोडलेल्या क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ, पाहिल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नये.

हे मी स्वतः भोगले आहे. बेल्ट चढवताना क्रँक आणि कॅमच्या पुलींवरच्या खुणा तंतोतंत जुळल्या होत्या, म्हणून टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आवळून कव्हर लावले. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजले तर चारही सिलिंडरचे जवळपास सारखे आले आणि मी निर्धास्त झालो. पण ते सारखेच कमी होते. कॅम मागे राहिला की सगळ्या सिलिंडरचे इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतात, त्यामुळे आकडे फक्त एकमेकांशी ताडून पाहिले तर हा दोष दिसतच नाही.

बेल्टचा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला न राहता दुसऱ्या बाजूला राहिला होता. इंजिन फिरताच तो ताणला गेला आणि कॅम एक दात मागे पडला. क्रँकच्या पुलीला २० दात असतील, तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. एवढी चूक डोळ्यांना क्षुल्लक वाटते, इंजिनला वाटत नाही.

म्हणून टेन्शनर आवळल्यावर क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे आणि खुणा पुन्हा पाहाव्यात. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एकच फेरा होतो, त्यामुळे एका फेऱ्यानंतर कॅमची खूण विरुद्ध बाजूला दिसते आणि ‘खुणा जुळत नाहीत’ असे घाबरून विचारणारे बहुतेक तिथेच थांबलेले असतात. पाना अडला तर जोर लावू नये, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असण्याची शक्यता असते. खूण ओलांडून पाना पुढे गेला, तरी इंजिन उलटे फिरवू नये, कारण ढिलेपणा पुन्हा चुकीच्या बाजूला येतो. सरळ आणखी दोन फेरे द्यावेत.